रिळं स्कॅन झाली, पुढे काय?

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाबद्दल वाचलं. जुने सिनेमे स्कॅन होतायत, चांगलंच आहे, पण शेवटी लिहिलं होतं की आता हा ठेवा कायमचा सुरक्षित झाला, आणि मी त्या "कायमचा" वरच अडकलो. मी बडोद्यात 1989 पासून लग्नांची व्हिडिओ शूटिंग करायचो, आता बंद केलंय, पण कॅसेट आणि डिस्कांनी मला जे दाखवलंय ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

2009 ला मी घरच्या आणि नातेवाइकांच्या 43 व्हीएचएस कॅसेट इथल्या एका दुकानात देऊन डीव्हीडी करून घेतल्या. दुकानवाला म्हणाला, काका चिंता ना करो, हवे बधुं सचवाई गयुं, म्हणजे आता सगळं जपलं गेलं. सात-आठ वर्षांत निम्म्या डीव्हीडी अडकायला लागल्या, मग उरलेलं पुतण्याने एका हार्ड डिस्कवर चढवून दिलं, ती डिस्क मी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री नदी घरात आली. आम्ही समा भागात राहतो, तळमजला. डिस्क गेली. गंमत बघा, कॅसेटी माळ्यावर होत्या म्हणून कोरड्या राहिल्या, पण व्हीसीआर खाली होता. म्हणजे लग्न कॅसेटमध्ये आहे, हातात धरता येतं, फक्त बघता येत नाही!

चूक माझीच, एकच कॉपी आणि ती पण खालच्या ड्रॉवरमध्ये. पण हेच सगळं मोठ्या प्रमाणावर कुठेही होऊ शकतं.

लोकांना वाटतं सिनेमा म्हणजे पेनड्राइव्हवर मावणारी फाईल. जपण्यासाठी जे स्कॅन करतात ते तसं नसतं, प्रत्येक फ्रेमचा वेगळा फोटो असतो आणि फोर-के मध्ये, म्हणजे खूप बारीक तपशिलाच्या स्कॅनमध्ये, एक फ्रेम साधारण 50 एमबीची. सेकंदाला 24 फ्रेम, दोन तासाच्या सिनेमाच्या झाल्या 1,72,800. गुणाकार करा, साडेआठ टीबीच्या (एक टीबी म्हणजे हजार जीबी) वर जातं, एका सिनेमाचं, आणि ते पण एक कॉपी धरून. निदान तीन तरी हव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावात, नाहीतर एका पुरात किंवा एका आगीत सगळं साफ. आगीचं उगाच म्हणत नाही, जानेवारी 2003 मध्ये पुण्यातच संग्रहालयाची जुनी नायट्रेटची, म्हणजे पटकन पेट घेणाऱ्या जुन्या प्रकारच्या फिल्मची, रिळं जळाली होती. नायट्रेट पेटलं की पाण्याने पण विझत नाही.

एवढा डेटा सहसा हार्ड डिस्कवर ठेवत नाहीत, एलटीओ नावाच्या डेटा साठवायच्या टेपवर ठेवतात. टेप कपाटात नीट ठेवली तर 30 वर्षं टिकते असं कंपन्या सांगतात, टिकत पण असेल. पण मशीनचं काय? एलटीओ-6, म्हणजे त्या टेपची सहावी पिढी, आली 2012 ला, एलटीओ-8 आली 2017 ला, आणि 8 ची मशीन 6 ची टेप वाचत नाही. पाच वर्षांत! आमच्या व्हीसीआरने तरी वीस-पंचवीस वर्षं साथ दिली. त्यामुळे दर पाच-सात वर्षांनी सगळा संग्रह जुन्या टेपवरून नव्या टेपवर उतरवायचा, हे न संपणारं काम आहे, एकदा खंड पडला की मशीन शोधत फिरायचं. शिवाय नुसतं उतरवून भागत नाही. प्रत्येक फाईलचा हिशोब करून एक आकडा काढून ठेवतात, चेकसम म्हणतात त्याला, काही महिन्यांनी परत काढला की तोच यायला हवा, फाईलमध्ये एक बिट जरी हलला तरी आकडा बदलतो. रोजमेळ जुळवण्यासारखं आहे. न जुळलेली फाईल दुसऱ्या कॉपीवरून लगेच दुरुस्त करायची, पण त्यासाठी कोणीतरी बघायला तर हवं.

आता पैसे. 2022 मध्ये राष्ट्रीय चित्रपट वारसा मिशनखाली रिस्टोरेशनला, म्हणजे जुने सिनेमे दुरुस्त करायला, 363 कोटी जाहीर झाले, रक्कम मोठी आहे, आनंद आहे. पण मिशनचा पैसा एकदा मिळतो आणि टेपचा खर्च दर वर्षी येतो. ऑस्करवाल्या अकादमीने 2007 साली हिशोब मांडला होता, एका सिनेमाचा मास्टर, म्हणजे मूळ प्रत, फिल्मवर सांभाळायला वर्षाला 1,059 डॉलर आणि तोच फोर-के डिजिटल सांभाळायला 12,514 डॉलर. तेव्हापासून स्टोरेज स्वस्त झालंय हे मान्य, पण फिल्मचा डबा थंड खोलीत ठेवून दहा वर्षं त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही तरी चालून जातं, डिजिटलला तसं विसरता येत नाही. 2022 मध्येच हे संग्रहालय एनएफडीसीत, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं, मग 2035 सालचं टेप बदलायचं बजेट कोणाच्या खात्यात आहे, हे कोणी सांगेल का?

यातूनच माझी दुसरी भीती. स्कॅन झालं की एखादा साहेब म्हणणार, आता हे डबे कशाला, एसीचं बिल केवढं येतंय. कृपा करून ते होऊ देऊ नका. रंगीत फिल्मला 2 ते 4 डिग्री थंडी लागते, बिल येणारच. ॲसिटेटची (नायट्रेटनंतर आलेल्या फिल्मची) रिळं उबेत राहिली की डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास येतो आणि फिल्म आकसते, तेव्हा उशीर झालेला असतो. पण थंडीत ठेवलेली फिल्म शंभर वर्षांनी सुद्धा उजेडासमोर धरली की चित्र दिसतं, मशीन नसली तरी. हॉलिवूडचे काही मोठे स्टुडिओ डिजिटलवर काढलेल्या सिनेमाची कॉपी मुद्दाम फिल्मवर करून ठेवतात, ते काय वेडे आहेत?

आणि खरं सांगू, मला जास्त काळजी जुन्या सिनेमांची नाही. प्रभातचा 1936 चा संत तुकाराम आज बघता येतो. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांतले मराठी सिनेमे, जे फिल्मवर कधी आलेच नाहीत, ते कुठे आहेत? निर्मात्याच्या कपाटात, एका हार्ड डिस्कवर, आणि हार्ड डिस्क पाच वर्षं न चालवता ठेवली की चालू होईलच असं नाही, अनुभवाने सांगतो. थिएटरला जाणाऱ्या कॉपीला बहुतेक वेळा डिजिटल कुलूप असतं, किल्लीची मुदत संपली की ती फाईल म्हणजे वीट. संग्रहालयाने अशा निर्मात्यांकडून कुलूप नसलेली कॉपी आत्ताच मागून घ्यायला हवी. छोटा निर्माता आपणहून देणार नाही, त्याच्या पाठी लागावं लागतं. हे संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायरांनी फाळक्यांच्या रिळांसाठी नाशिकपर्यंत खेटे घातले म्हणून ती मिळाली, तरी राजा हरिश्चंद्र आपल्याला पूर्ण मिळालाच नाही आणि पहिला बोलपट आलम आरा, त्याची तर एकही प्रिंट हाती नाही.

फाळके आमच्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, म्हणून आम्हा इथल्या लोकांना हा विषय जरा जास्तच लागतो.

संपादक साहेब, तुमच्या पुण्याच्या बातमीदाराने पुढच्या वेळी किती सिनेमे स्कॅन झाले हे विचारू नये, तो आकडा तेच आनंदाने देतील. गेल्या वर्षी किती टेप परत वाचून बघितल्या आणि त्यातल्या किती वाचता आल्या नाहीत, तेवढं विचारावं. उत्तर आलं तर छापा, नाही आलं तर तेही छापा.

आपला,
एक जुना वाचक, समा, बडोदा

ता.क. रिपेअरवाला म्हणतो व्हीसीआरचा बेल्ट आता मिळत नाही. कोणा वाचकाच्या माळ्यावर चालू व्हीसीआर असेल तर भंगारात देऊ नका, आधी पेपरात कळवा, माझ्या 43 कॅसेटी अजून वाट बघतायत.