आप्पांच्या पेट्या आणि नवी भिंत

प्रिय दिग्या,

तुझे निरोप पोचले होते. उत्तर का दिलं नाही त्याबद्दलच्या शिव्या भेटल्यावर घालून घे, आत्ता वेळ घालवू नकोस. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच. लिहितोय ते आप्पांनी बांधलेल्या स्पीकरच्या पेट्यांवरून. नव्या हॉलमध्ये त्या कुठे आणि कशा ठेवायच्या यावरून आमच्याकडे जे चाललंय ते तुझ्याशिवाय कुणाला सांगितलं तर लोक माझीच तब्येत विचारतील.

इंटिरियरवाल्याने नकाशा आणला. पोरगा हुशार आहे, हात चांगला आहे. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना भिंतीत कोनाडे, त्यात पेट्या आत सरकवायच्या, पुढे कापडाची चौकट, आणि सगळ्या भिंतीला एकच पांढरं लॅमिनेट. सगळ्या म्हणजे पेट्यांच्या तोंडालासुद्धा. मी म्हटलं, अरे खाली विनिअर आहे, खऱ्या लाकडाचा पापुद्रा. तो म्हणाला, "काका, ते कुणाला दिसणार आहे?"

आता सांग, याला काय उत्तर देऊ? ते विनिअर बसवताना आप्पांनी आपल्याला श्वास घ्यायचीसुद्धा परवानगी दिली नव्हती. एकाच ओंडक्याचे लागोपाठचे दोन पापुद्रे, एक सुलटा, एक उलटा. डाव्या पेटीवर जी रेषा डावीकडे वळते तीच उजव्या पेटीवर उजवीकडे वळते. एकच पेटी पाहिली तर यातलं काही कळत नाही. दोन्ही शेजारी ठेवून जरा लांब जावं तेव्हा जोडी दिसते. त्यात या पोराने नकाशात डावी-उजवी अदलाबदल केलीय, म्हणजे ट्वीटर, ते बारीक आवाजाचे छोटे स्पीकर, बाहेरच्या अंगाला गेले आणि रेषाही फिरल्या. मी ते दाखवलं तर म्हणे, दोन्ही सारख्याच आहेत ना?

ट्वीटर मधोमध का नाही, हे तू आप्पांना विचारलं होतंस, आणि त्यांनी काही न बोलता कोपऱ्यातल्या आपल्या ठोकळ्याकडे बोट दाखवलं होतं. आवाज पेटीच्या तोंडावरून घसरत कडेपर्यंत जातो आणि कड आली की तिथून नव्याने फुटतो. सगळ्या कडा सारख्या अंतरावर असल्या की सगळी खोट एकाच जागी साठते. ध्वनितज्ज्ञ ऑल्सनने 1951 सालीच वेगवेगळ्या आकारांच्या पेट्या मोजून दाखवलं होतं की गोळा सगळ्यांत सरळ वाजतो आणि घन फार खडबडीत. आणि आपण काय बांधलं होतं? चारी बाजूंनी मोजून मापून घन, बरोब्बर मध्यावर स्पीकर, वरून पॉलिशचे हातावर हात. दिसायला मात्र काय देखणा होता! तू अजून म्हणशील की कानापेक्षा डोळा खूश असला की निम्मं काम झालं. तेव्हा या वाक्यावरून आपण किती दिवस बोललो नव्हतो ते आठव.

तर कोनाडा. इंटिरियरवाल्यासमोर मी हे कबूल करणार नाही, पण कल्पना अगदीच टाकाऊ नाही. रेकॉर्डिंग स्टुडिओत मोठे मॉनिटर स्पीकर भिंतीतच बसवतात, तोंड भिंतीच्या पातळीत. मग भिंत हेच पेटीचं तोंड होतं, कडच राहत नाही. घोळ आहे तो आप्पांच्या पेट्यांचा. त्या मोकळ्या उभ्या राहण्यासाठी बांधलेल्या आहेत. सव्वा फूट रुंदीच्या पेटीत साधारण 300 हर्ट्झच्या खाली आवाज पुढे न राहता पेटीला वळसा घालून मागे जायला लागतो. त्याची भरपाई त्यांनी क्रॉसओव्हरमध्येच, म्हणजे जाड-बारीक आवाज वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणाऱ्या सर्किटमध्येच, केलेली आहे. भिंतीत बसवल्या की मागे जायला वाटच नाही, भरपाई मात्र तशीच, म्हणजे तबल्याचा बायाँ सगळ्या गाण्यावर बसणार. शिवाय पोर्ट, म्हणजे बाससाठी पेटीला ठेवलेलं भोक, मागच्या बाजूला. कोनाड्याच्या पाठीला टेकवून त्याचं तोंड दाबलं तर काय वाजणार? त्याला हे सांगितलं तर त्याने मागे भोक पाडून देतो म्हटलं. मागे बाथरूम आहे.

माझा हट्ट होता की पेट्या भिंतीपासून तीन फूट पुढे ओढायच्या. ही म्हणाली, मग माणसांनी कुठून चालायचं? तिचंही बरोबर, आणि नुसतं चालण्यापुरतं बरोबर नाही. 100 हर्ट्झची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब. पेटीचं तोंड भिंतीपासून तिच्या पाव अंतरावर, म्हणजे 85 सेंटीमीटरवर असलं, की मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून येतो तो नेमका उलटा होऊन, आणि पुढच्याला खाऊन टाकतो. तीन फूट म्हणजे जवळपास तोच खड्डा की! पेटी भिंतीकडे नेली की खड्डा वर सरकतो आणि बास भरतो. कधी जास्तच भरतो. स्पीकरवाल्या क्लिप्शने तर 1946 साली आपला भोंगा सरळ खोलीच्या कोपऱ्यात कोंबला, आणि कोपऱ्याच्या दोन भिंतींनाच भोंग्याचा पुढचा भाग करून टाकलं. खोलीशी भांडण्यापेक्षा तिलाच कामाला लावलं. हे तुझंच मत, माहीत आहे. जेबीएलच्या पॅरागॉन स्पीकरचा तो फोटो भिंतीवर चिकटवून तू मला हेच ऐकवायचास.

त्या पॅरागॉनवर मी आजही तुझ्याशी भांडायला तयार आहे. 1957 साली नऊ फुटांचं एकच लाकडी धूड, मध्ये बाहेर फुगलेला कमानदार पडदा, त्यावर दोन्हीकडून आवाज सोडायचा. अरनॉल्ड वुल्फने ते घडवलं सुंदर, नाही म्हणत नाही. पण ते घरात आणायचं तर आधी त्याला घर बांधावं लागेल. त्याच वर्षीचा माझा क्वाडचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बघ, पेटीच नाही, नुसती उभी जाळी. यावर तू "खोलीत हीटर ठेवलाय" म्हणून हसला होतास. हस. पण आता तुला एक गंमत देतो: आवाज पाठीमागूनही तितकाच निघतो, म्हणून त्यालाही मागे मोकळी जागा लागतेच. म्हणजे पेटी काढून टाकली तरी जागेचं भांडण सुटलं नाही.

धाकटी म्हणते, बाबा, आता दिव्यातच स्पीकर मिळतो, पुस्तकांच्या फळीत उभा राहणारा मिळतो. खरंय, आयकियाने सोनोसबरोबर 2019 साली ते केलंच. छतात बसवायचेही मिळतात, पण गाणारा डोक्यावर टांगलेला मला नको. आणि टीव्हीखालची ती साउंडबारची पट्टी दाखवली की मला हॉफमनचा नियम आठवतो: लहान पेटी, खोल बास आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, यातलं दोनच मागा. मग पट्टीसोबत सोफ्याआड लपवायला एक सबवूफर येतोच. लपवाछपवी संपत नाही, फक्त सोफ्यामागे जाते.

यातच ही एक वाक्य बोलली आणि मला तू समोर बसल्यासारखं झालं. इतकी वर्षं "ते दोन फ्रिज" म्हणणारी ही! इंटिरियरवाला कापडाचे नमुने दाखवत होता. तिने ते बाजूला सारले आणि म्हणाली, "झाकायच्याच असतील तर देऊन टाका कुणाला तरी. ठेवायच्या तर दिसू देत." आणि पेट्यांच्या तोंडावरच्या जाळ्या काढायला सांगितल्या. दिग्या, जाळ्या! ज्या जाळ्यांवरून माझे आणि तिचे लग्नाच्या पहिल्या वर्षापासून खटके उडत आलेत.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. पेटी वाजते त्याच्या कितीतरी पट जास्त वेळ नुसती उभी असते. त्या वेळात तिने कसं दिसायचं हे आपण आवाजवाल्यांनी कायम सुताराच्या गळ्यात मारलं. आप्पांनी मारलं नाही, कारण सुतार तेच होते. विनिअर जोडीने लावायचं आवाजाला काडीचं कारण नव्हतं. ते खोलीतल्या माणसांसाठी होतं, सतारीच्या बैठकीला न बसणाऱ्या माणसांसाठीसुद्धा.

आत्ता ठरलंय ते असं: कोनाडे रद्द, टीव्ही युनिट बुटकं आणि अरुंद, पेट्या त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळ्या, पाठीशी वीतभर जागा, ट्वीटर आतल्या अंगाला आणि बसल्यावर कानाच्या उंचीला. बास फुगलाच तर पोर्टात स्पंजाचा बोळा. इंटिरियरवाला रुसलाय. पडद्यांचं काम त्याच्या मनासारखं करू दे म्हटलंय.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचं प्रमोशन ऐकलं, त्यांना अभिनंदन सांग, तुला नाही. चिरंजीव अजून ड्रम बडवतो का? शेजारी बदलले की नाहीत?

आणि मुख्य राहिलंच. डाव्या पेटीचं विनिअर खालच्या कोपऱ्यात उखडलंय, तळहाताएवढं. आप्पांकडचे उरलेले पापुद्रे तू नेले होतेस, हे तू कितीही नाही म्हणालास तरी मला माहीत आहे. माळ्यावर बघ. सापडले तर गुंडाळी करू नकोस, तडकतील. दोन प्लायच्या मध्ये सपाट घालून स्वतः घेऊन ये, आणि येताना गोंद आणू नकोस, तुझ्या गोंदाचा अनुभव आहे.

तुझाच,
वश्या