चालता येत असलं तरी खुर्ची माग

विश्रामबाग, सांगली

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. लेकीनं लंडनचं तिकीट काढलं, व्हिसाही आला, हे वाचून फार आनंद झाला. पण पुढे तू लिहिलंयस, ‘तिकिटावर व्हीलचेअर घालू नको असं तिला बजावलंय. मला चालता येतं, उगाच लोकांची सोय कशाला अडवू?’ ते वाचल्यापासून चैन नाही.

अगं, राजवाड्यापासून घरापर्यंत तू चालत येतेस तो तुझा चांगला दिवस. संधिवात उसळला की चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागतो, हे मी तुझ्याच स्वयंपाकघरात बसून बघितलंय. साताऱ्याहून मुंबई गाठायची, मग चेक-इन, इमिग्रेशन, तपासणी, तिथून गेटपर्यंतचं अंतर, पुढे नऊ-दहा तास एका जागी बसणं, आणि हीथ्रोला उतरल्यावर पुन्हा तेवढीच तंगडतोड. तू पोहोचशील, याबद्दल मला शंका नाही. पण पुढचा आठवडा लेकीच्या घरी पलंगावर काढशील. आपल्यासारख्यांची ताकद महिन्याच्या पगारासारखी असते. ती विमानतळाच्या फरशीवर का उधळायची? नातवाबरोबर बागेत जायचंय ना, तिथे खर्च कर.

मी पोलिओच्या पायाला आधाराचा कॅलिपर लावून विलिंग्डन कॉलेजचे जिने चढायचे आणि तू माझी पुस्तकं धरून पुढे पळायचीस. तेव्हा मलाही वाटायचं, पाय एकदा सावरला की आयुष्यभर सावरला. पन्नाशीनंतर पोलिओच्या पायातलं आणि त्याच्या जोडीच्या धडधाकट पायातलंही बळ ओसरायला लागलं. पोलिओतून वाचलेल्या मज्जापेशी वर्षानुवर्षं जादा भार ओढून थकतात, त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात, असं डॉक्टरांनी समजावलं. इथे जिद्दीनं जास्त चालून उपयोग नसतो, उलट नुकसान होतं. म्हणून घरात, गल्लीत, भाजीला मी माझ्या पायांनी जाते आणि लांबच्या अंतराला खुर्ची घेते. दोन्ही खरं आहे. यात लबाडी कुठेच नाही.

आता कामाचं. विमान कंपन्या खुर्चीची मागणी तीन प्रकारांत नोंदवतात. जिना चढता येतो, फक्त लांब चालवत नाही, त्यांना डब्ल्यूसीएचआर. जिना जमत नाही, पण विमानात आपल्या सीटपर्यंत चालता येतं, त्यांना डब्ल्यूसीएचएस. सीटपर्यंतही न्यावं लागतं, त्यांना डब्ल्यूसीएचसी. तुझी लेक घाईत पहिला प्रकार टाकेल. तिला दुसरा टाकायला सांग. विमान लांब उभं असेल तर बसनं नेतात आणि शिडी चढायला लावतात. पहिल्या प्रकारात तू ती चढशील असंच गृहीत धरतात. दुसरा प्रकार असेल तर उचलून दारापर्यंत नेणारी गाडी मागवता येते. कोणीही विचारलं की तुझ्या सगळ्यात वाईट दिवसाचं उत्तर द्यायचं, चांगल्या दिवसाचं नाही. हे किमान ४८ तास आधी कळवायचं असतं आणि त्याचे पैसे लागत नाहीत. निघायच्या दोन-तीन दिवस आधी फोन करून नोंद खरंच झाली आहे का, ते पुन्हा विचारून घे.

तपासणीला माझा कॅलिपर वाजतोच. मी आधीच सांगते आणि आडोशाला महिला कर्मचाऱ्याकडून तपासणी मागते. तुझी संधिवाताची इंजेक्शनं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, थंड पिशवीत, हातातल्या बॅगेतच ठेव. सामानाच्या बॅगेत ती गोठली तर वाया जातात.

विमानतळाची खुर्ची विमानतळावरच राहते, म्हणून आपली घडीची खुर्ची बरोबर हवी. ती थेट विमानाच्या दारापर्यंत नेता येते, तिथे टॅग लावून खाली सामानात ठेवतात. उशी आणि पाय ठेवायच्या पट्ट्या काढून स्वतःजवळ ठेवायच्या आणि देण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढायचे. उतरताना ती दाराशीच आणून द्या असं सांगायचं, नाहीतर ती सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर जाते. एकदा माझ्या खुर्चीचं एक चाक वाकून आलं होतं. फोटो होते म्हणून विमानतळ सोडण्याआधीच लेखी तक्रार देता आली. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करारानुसार खुर्चीही सामानातच धरतात आणि भरपाईला १,५१९ एसडीआरची (हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) मर्यादा आहे, म्हणजे पावणेदोन-दोन लाख रुपयांच्या आसपास. साध्या खुर्चीला तेवढं पुष्कळ झालं, पण मोटारवाल्या महागड्या खुर्च्यांना ते पुरत नाही, आणि हा मला सरळसरळ अन्याय वाटतो. ज्या खुर्चीवर माणसाचं हिंडणं-फिरणं अवलंबून आहे, तिला बॅगेच्या पंक्तीला कसं बसवता येईल? प्रवासविमा घेताना संधिवात आधीपासूनचा आहे हे स्पष्ट लिहा आणि त्याला संरक्षण मिळतंय का ते बघून घ्या.

नजरांचं तू विचारलं नाहीस, पण तुझ्या मनात तेच आहे. खुर्चीतून उठून मी दोन पायऱ्या चढले की लोक बघतात. मुंबईला खुर्च्यांची रांग लागली होती आणि मागून कोणीतरी म्हणालं, ‘या सगळ्यांना फक्त रांग चुकवायची असते.’ मला त्या वाक्याचा आजही राग येतो. कुणाचा गुडघा, कुणाचं हृदय, कुणाचा श्वास कसा आहे, हे लांबून कसं कळणार? त्यांना उत्तर देत बसू नकोस. २०१६ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर हिरव्या पट्टीवर सूर्यफुलांचं चित्र सुरू झालं. वरून न दिसणारा त्रास असलेल्यांनी ती गळ्यात घालायची. आता ती जगभरच्या कितीतरी विमानतळांवर चालते. हवी तर मागून घे.

आणि लंडन! तिथे मी पहिल्यांदा कोणाचा हात न धरता रस्त्यावर हिंडले. आपल्याकडे फूटपाथ हातभर उंच, मध्ये खांब, पुढे गटार. म्हणून खुर्ची घराबाहेर काढवत नाही. तिथे बसच्या मधल्या दारातून उतार बाहेर येतो, निळं बटण दाबायचं, आणि खुर्चीवाल्याला बसचं तिकीटही लागत नाही. खुर्चीची जागा मात्र एकच असते. तिथे बाबागाडी असेल तर ड्रायव्हरनं नुसती विनंती करून थांबू नये, असं त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलंय. काळ्या टॅक्सीतही उतार असतो. जुन्या भुयारी रेल्वेची बरीच स्थानकं जिन्यांचीच आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन घे. तिच्या सगळ्या ४१ स्थानकांवर जिना न चढता फलाटावर जाता येतं, आणि ती हीथ्रोपासूनच मिळते. थेम्सच्या दक्षिण काठानं वेस्टमिन्स्टर पुलापासून टेट मॉडर्नपर्यंत जा. सगळी सपाट वाट. मी थोडा वेळ बसून, थोडा वेळ खुर्चीला धरून चालत गेले. दमले की बसायचे, विचारायचं कोणाला नाही. आपल्या कृष्णाकाठी घाटाच्या पायऱ्यांच्या वर थांबूनच मी इतकी वर्षं पाणी बघत आलेय, त्यामुळे तिथे पाण्याच्या शेजारून जाताना मला भरून आलं.

एक सावधगिरी. तिथल्या अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहात जमिनीपर्यंत लोंबणारी लाल दोरी असते. ती मदतीची घंटा वाजवायची आहे, दिवा लावायची नव्हे.

खरी अडचण घरातच येईल. तिथली जुनी घरं अरुंद असतात, दारात पायरी, न्हाणीघर बऱ्याचदा वरच्या मजल्यावर, आणि आंघोळीला टबची कड ओलांडून आत जायचं. लेकीला आत्ताच जिन्याचे, टबचे फोटो पाठवायला सांग आणि दारांची रुंदी मोजून घे. टबवर आडवी ठेवायची फळी आणि आधाराची दांडी तू पोहोचायच्या आधी बसवून होऊ दे. तू तिला काही त्रास देत नाहीयेस, लेक आहे, तिला करू दे.

माझी घडीची खुर्ची सध्या रिकामीच आहे, पावसाळा संपेपर्यंत मला लागणार नाही. भाचा शनिवारी महालक्ष्मीनं मुंबईला निघालाय. सातारा स्टेशनवर ती उतरवून द्यायला त्याला सांगितलंय. शेजारच्या मुलाला गाडी घेऊन पाठव, स्टेशन गावाबाहेर आहे. ब्रेकची डावी दांडी जरा घट्ट आहे, तेल घाल. आणि निघण्याआधी चार दिवस तरी तिच्यात बसून गल्लीत फिरून बघ. शेजारणी विचारतील, विचारू देत.

लेकीला आजच फोन कर.

तुझीच,
सांगलीची मैत्रीण