डब्यातला कागद

खारघर, नवी मुंबई
रविवार, संध्याकाळ

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
सप्रेम सलाम.

मंगळवारी फोनवर बाबांनी विचारलं, "तुमच्या चर्चच्या मंडळीचं ते दवाखान्याचं काम सुरू होऊन दोन वर्षं झाली. आतापर्यंत किती जण उपासनेला आले?" मी "सांगते नंतर" म्हटलं आणि फोन आईकडे द्यायला लावला. बाबा, मी उत्तर टाळलं. तुमच्या ते लक्षात आलंच असणार, कारण पुढे तुम्ही काही बोलला नाहीत. फोनवर ते सगळं सांगता आलं नसतं, म्हणून आज उपासनेहून आल्यावर कागद घेऊन बसले. मुलं खाली खेळायला गेली आहेत, हे जरा पडलेत, घर शांत आहे.

एकही नाही, बाबा. दोन वर्षांत त्या कामातून आमच्या मंडळीत एकही नवं कुटुंब आलेलं नाही. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

परळचं टाटा हॉस्पिटल तुम्हाला माहीत आहे, ते १९४१ सालचं. त्याचंच मोठं केंद्र इथे खारघरला आहे, सगळे त्याला अ‍ॅक्ट्रेक म्हणतात. आमच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. तिथे नांदेड, बीड, परभणी, जळगाव, पार बिहार-बंगालपर्यंतची माणसं येतात. लहान मुलाला रक्ताचा कॅन्सर असला की उपचार दोन-अडीच वर्षं चालतात आणि सुरुवातीचे महिने तर हॉस्पिटल सोडून लांब राहताच येत नाही. मग आई-वडील, कुणी आजोबा, कुणी मामा, आजूबाजूला खोली घेऊन राहतात. गावाकडे शेत दुसऱ्याच्या भरवशावर, दुसरं पोर नातेवाइकांकडे. हातातला पैसा औषधं आणि भाड्यात जातो आणि पहिली काटकसर जेवणात होते. वडापाव खाऊन दिवस काढणारी माणसं मी पाहिली आहेत.

आमच्या महिला मंडळानं म्हणून डबे सुरू केले. आठवड्यातून तीन दिवस, सोबतच्या नातेवाइकांसाठी. रुग्णाचं जेवण डॉक्टर सांगतील तसंच, त्यात आम्ही हात घालत नाही. केमोनंतर अंगातली रोगाशी लढायची ताकद इतकी उतरते की कच्च्या कोशिंबिरीचाही त्रास होऊ शकतो. हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात तिथल्या एका नर्सनं समजावून सांगितलं आणि बरं झालं सांगितलं.

आता जे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही ते सांगते. सुरुवातीला प्रत्येक डब्यासोबत आम्ही एक कागद ठेवायचो. घडीचा, चार पानी, वर क्रूस आणि आत वचनं. कल्पना माझीच होती. तुम्ही सायकलच्या पिशवीत पत्रकं घालून वाड्या-वस्त्या फिरायचात, ते डोळ्यांसमोर होतं. मला वाटलं, मीही तेच करते आहे.

परभणीकडचे एक आजोबा होते, नातीला घेऊन आलेले. नात नऊ वर्षांची. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला पांढरी टोपी, आवाज अगदी हळू. चौथ्या दिवशी मी डबा द्यायला गेले तर त्यांनी आदल्या दिवशीचा डबा माझ्या हातात दिला. लख्ख घासलेला. झाकण उघडून दाखवलं, तर आत तो कागद, घडी तशीच, एक डागसुद्धा नाही. म्हणाले, "ताई, ओला होऊ नये म्हणून जेवायच्या आधी काढून ठेवला होता. नातीनं वाचून दाखवला. चांगलं लिहिलंय. पण डब्याचे पैसे सांगा, मी देतो. नाहीतर उद्यापासून नको."

मी म्हटलं, "आजोबा, पैसे कसले?" ते म्हणाले, "फुकट असतं तर कागद कशाला असता?"

बाबा, त्या माणसाच्या आवाजात राग नव्हता. ते व्यवहाराचं बोलत होते, देणेकरी होऊ नये म्हणून. मी डबा घेऊन खाली आले आणि रिक्षा न करता चालत घरी आले. रस्ताभर मला तुमच्या आजोबांची गोष्ट आठवत होती.

१८९९-१९०० च्या दुष्काळात ते मिशनच्या कामावर गेले, खडी फोडली, धान्य मिळालं, जगले, आणि नंतर बाप्तिस्मा घेतला. तुम्हीच सांगितलंत की त्यांचा विश्वास खरा होता, मरेपर्यंत पहाटे उठून प्रार्थना करायचे. पण गावाच्या पारावर त्यांना जन्मभर काय ऐकावं लागलं? पोटासाठी बाटला. चाळीस-पन्नास वर्षं तो माणूस सिद्ध करत राहिला की मी भाकरीसाठी आलो नव्हतो. तुम्ही लहान असताना तुम्हालाही शाळेत कुणी तरी ते म्हटलं होतं आणि तुम्ही रडत घरी आला होतात, ही आठवण सांगताना अजून तुमचा आवाज बदलतो. मग मी काय करत होते? ज्या कोंडीत आपल्या घरातला माणूस सापडला होता, त्याच कोंडीत त्या आजोबांना उभं करत होते. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात कागद, आणि समोरच्याचं पोर आत सलाईनवर. अशा वेळी माणूस हो म्हणाला तरी ते हो कुणाचं?

दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या हातानं गेले आणि माफी मागितली. म्हटलं, चूक झाली, कागद बंद केला, पैसे घेणार नाही, डबा घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उद्या एकादशी आहे. परवा आणा."

आणि आता आईचं गुपित फोडते. त्या रात्री मी आईला फोन केला होता. विचारलं, एकादशीला चालेल असं काय करू? आईनं एक शब्द उलट विचारला नाही. म्हणाली, भगर कर आणि शेंगदाण्याची आमटी. भगर धुऊन जराशी भाजून घे. आमटीत जिरं आणि हिरवी मिरची तुपात घाल. हळद, मोहरी अजिबात नको. आणि आपल्या रोजच्या भांड्यात करू नकोस, वेगळं पातेलं घे, त्यांना ते बरं वाटेल. मी रात्री नऊ वाजता खाली जाऊन स्टीलचं नवं पातेलं आणलं. सकाळी डबा दिला तेव्हा आजोबांनी वास घेतला, आमटी बोटावर घेऊन पाहिली आणि विचारलं, "हळद घातली नाही?" मी नाही म्हटलं. त्यांनी डबा दोन्ही हातांनी धरला.

आई, शेजारच्या काकूंच्या उपासाचं तू करून द्यायचीस ते मी लहानपणी नुसतं पाहिलं होतं. ते प्रभूचंच काम होतं हे मला या वयात कळलं.

मग रक्ताचं सुरू झालं. केमोनं प्लेटलेट पार खाली येतात. तुमच्या-माझ्यात दीड लाखाच्या वर असतात, या मुलांच्या कधी कधी दहा हजारांच्याही खाली जातात, आणि मग हिरड्यांतून, नाकातून रक्त यायला लागतं. तिथले नातेवाईक एकमेकांना विचारत असतात, "एसडीपी मिळाली का?" म्हणजे एकाच दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट. दात्याला मशीनला जोडतात, रक्त आत जातं, प्लेटलेट वेगळ्या होतात आणि बाकीचं रक्त परत अंगात येतं. तास-दीड तास लागतो. आणि प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, त्याही सारख्या हलवत ठेवाव्या लागतात. शिबिर घेऊन महिनाभराचा साठा करून ठेवू म्हटलं तर होत नाही. या आठवड्याला या आठवड्याचा माणूस लागतो.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला शब्बाथ शाळेतला तुमचा मान्नाचा पाठ आठवला. रानात इस्राएली लोकांना देवानं रोजच्या रोज दिलेलं अन्न म्हणजे मान्ना; उद्यासाठी जपून ठेवलेल्या मान्नात किडे पडले, आणि तुम्ही फळ्यावर ते किडे काढून आम्हाला हसवलं होतंत. मी तो पाठ मंडळीच्या तरुण संघात सांगितला आणि त्याच पाठानंतर वही फिरवली. अकरा मुलांनी रक्तगट लिहून दिले. त्यातले सात जण आजही पाळी लावून जातात. उपासनेला उशिरा येणारी, मागच्या बाकावर मोबाईल बघणारी हीच पोरं, बाबा. रात्री दहाला फोन आला तरी निघतात. तुमचे जावईही जातात. माझं मात्र हिमोग्लोबिन अकराच्या आसपास अडकलंय आणि साडेबाराच्या खाली घेत नाहीत. आईनं दिलेले अळिवाचे लाडू रोज खाते आहे.

तुम्ही म्हणाल, हे सगळं चांगलंच, पण सुवार्तेचं काय? साक्ष कुठे आहे? बाबा, मी तुमच्याशी वाद घालत नाही, मी तुमच्याकडेच शिकलेले आहे. चांगल्या शोमरोन्याचा दाखला मी यंदा पुन्हा पुन्हा वाचला. लुटारूंनी मारून वाटेत टाकलेला परका माणूस त्याला दिसला. त्यानं जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, पैसे भरले, परत येताना आणखी लागले तर देईन म्हणाला. पण तो जखमी माणूस पुढे कुणाच्या मंदिरात गेला, हे प्रभूनं सांगितलेलंच नाही. सांगावंसं वाटलं असतं तर सांगितलं असतं.

दुसरं म्हणजे तुमचंच लाडकं उदाहरण. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं आणि पुढे मिशनरी मिस फरार यांनी तिथे मुलींच्या शाळा चालवल्या. जोतिराव फुल्यांनी नगरला ती शाळा पाहिली, पुण्याला परत गेले आणि १८४८ साली मुलींची शाळा काढली. जोतिराव ख्रिस्ती झाले नाहीत. सावित्रीबाईही नाहीत. मिशनच्या बाप्तिस्म्याच्या वहीत त्या भेटीची नोंद शून्यच पडली असेल. तरी त्या शाळेचं नाव घेताना तुमची मान ताठ होते, आणि ती व्हायलाच हवी.

साक्षीचं म्हणाल तर एकदा वेळ आली. आजोबा आणि मी बसस्टॉपवर उभे होतो, पाऊस होता. ते म्हणाले, "ताई, एक विचारू? तुम्ही आमच्या कोण? मग हे का करता?" इतकी वर्षं तुमचे संदेश ऐकले, पण तोंडाला कोरड पडली. मी म्हटलं, "आजोबा, माझा येशूवर विश्वास आहे. मी काही नसताना त्यानं माझ्यावर प्रेम केलं, असं मी मानते. ते घेऊन घरी स्वस्थ बसवत नाही." ते "बरं" म्हणाले. मग बस येईपर्यंत ज्वारीच्या भावाचं बोलत होते. पण बाबा, त्या प्रश्नाची वाट मला दहा महिने पाहावी लागली, आणि तो त्यांनी विचारला. कागद डब्यात असता तर त्यांनी तो कधीच विचारला नसता, असं मला मनापासून वाटतं.

नात सध्या गावाला आहे. केस परत आलेत, तपासणीला दर महिन्याला यावं लागतं. पुढचं कुणाला सांगता येणार? मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करते, तुम्हीही करा.

मंडळीत सगळे खूश आहेत असं नाही. वार्षिक सभेत एका ज्येष्ठ पंचांनी बाबांचाच प्रश्न विचारला, जरा कडक शब्दांत. पाळकसाहेब मध्ये बोलणार होते, पण मीच उठून म्हटलं की चार पानी कागद हवे असतील तर ते मंडळीच्या दारात ठेवू, ज्याला हवा तो घेईल. डब्यात नाही. त्यावर हात वर करून मत घेतलं गेलं आणि थोडक्या मतांनी आमचं राहिलं. ते पंच पुढच्या आठवड्यात पाच किलो तांदूळ घेऊन आले. काही बोलले नाहीत, पिशवी ठेवून गेले.

बाकी इकडे ठीक. बाबा, रक्तदाबाची गोळी सकाळीच घ्या, आठवण झाली की घेऊ असं करू नका. आई, गुडघ्याला तेल लावून जिने चढू नकोस, पाय घसरेल. नाताळाला दोघांनी यायचंच आहे. या वेळी कॅरलची मुलं हॉस्पिटलजवळच्या त्या खोल्यांच्या चाळीतही जाणार आहेत, तिथल्याच लोकांनी बोलावलंय. बाबांनी पेटी धरली तर फार बरं होईल.

आणि एक काम. बाबा, तुम्ही फेरीच्या नोंदी ठेवायचात त्या कापडी पाठीच्या लांब वह्या, त्यातल्या एक-दोन कोऱ्या अजून पेटाऱ्यात असतील. आमची वही भरत आलीये आणि बाजारातल्या वह्यांत रकाने पुरत नाहीत. आम्हाला सहा लागतात: नाव, गाव, खोली कुठे, रक्तगट, काय खात नाही, उपास कोणत्या दिवशी. धाकटा पुढच्या शनिवारी येतोय, त्याच्याबरोबर पाठवा. आणि जमलं तर पहिल्या पानावर रकाने तुमच्या हातानं आखून द्या, माझी पट्टी नेहमी सरकते.

तुमची,
थोरली