पाककृती नको, बेत छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं पाककृतींचं पान मी कापून वहीत चिकटवते. १९८६ साली लग्न होऊन साताऱ्यात आले तेव्हापासूनची ही सवय. तेव्हा दुसरं वर्तमानपत्र यायचं, आता तुमचं येतं. वह्या सात झाल्या आहेत. त्या चाळता चाळता एक गोष्ट लक्षात आली, म्हणून हे पत्र. चाळीसएक वर्षांच्या कात्रणांत पदार्थ शेकडो आहेत, पण घरी बारा माणसं जेवायला यायची असतील तर काय काय करायचं, किती करायचं आणि कोणतं आधी करायचं, हे सांगणारं कात्रण मला एकही सापडलं नाही.

हे मी शोधत होते भाचीसाठी. ती पुण्यात वाकडला राहते, नोकरी करते, रोजचा स्वयंपाक उत्तम करते. तिची आमटी माझ्या बहिणीच्या आमटीला मागे टाकेल. तरी नव्या घरात राहायला जाऊन तीन वर्षं झाली आणि एकदाही तिने कोणाला जेवायला बोलावलं नाही. मैत्रिणींना भेटायचं ते बाहेर, हॉटेलात. जावयाच्या ऑफिसातल्या लोकांनी यांना दोनदा घरी जेवू घातलं, त्याची परतफेडही हॉटेलातच. मी विचारलं तर म्हणाली, "मावशी, चार माणसांचं मला जमतं गं. बारा म्हटलं की पोटात गोळा येतो. आणि करू काय? त्यांनी काय काय केलं होतं माहितीये का?" मग तिने मला ती यादी सांगितली. तीन स्टार्टर, दोन भाज्या, बिर्याणी, पास्ता, दोन गोड पदार्थ. त्या यादीनेच ती घाबरून बसली होती.

आमच्या पिढीला भीती वाटायची नाही असं नाही. पण आम्हाला एक आधार होता, तो या मुलींना राहिला नाही. ठरलेला बेत. चैत्रगौरीचं हळदीकुंकू म्हटलं की कैरीची वाटली डाळ, पन्हं आणि ओटीला भिजवलेले हरभरे. कोजागरीला आटीव दूध. सत्यनारायणाला सव्वाच्या मापाचा शिरा, रवा-साखर-तूप सारखं, त्यात केळं. लग्नानंतरच्या पहिल्याच चैत्रात माझ्याकडे तीस-पस्तीस बायका येऊन गेल्या. मी एकवीस वर्षांची होते, पण माझी छाती दडपली नाही. कारण काय करायचं हा प्रश्नच नव्हता. येणाऱ्या प्रत्येकीला माहीत होतं काय मिळणार, आणि तिच्या घरीही तेच होतं. डाळ जरा जाडसर वाटली गेली, पन्ह्यात वेलदोडा जास्त झाला, इतकाच काय तो फरक. त्यात कोणी कोणावर कडी करत नव्हतं. सगळा जीव लागायचा तो माणसांचं करण्यात. कोण कोणाशेजारी बसली, कोणाचं बाळ रडतंय, कोणाच्या सासूबाईंना गोड चालत नाही म्हणून बिनसाखरेची डाळ वेगळी काढून ठेवायची. पाहुणचार मी तिथे शिकले.

जिथे ठरलेला बेत सोडला तिथे मात्र मी पडले. १९८८ साली ह्यांचे साहेब, त्यांची पत्नी आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी आमच्याकडे रात्री जेवायला यायची होती. मला वाटलं, काही वेगळं करावं. अशाच एका कात्रणातला भाज्यांचा कोर्मा आणि नवरत्न पुलाव निवडला. दोन्ही आधी कधी केले नव्हते. कात्रणात लिहिलं होतं "मसाला चांगला परतून घ्यावा, भाज्या शिजू द्याव्यात". किती वेळ, ते नव्हतं. "चार जणांसाठी" लिहिलं होतं. आम्ही घरातले आणि ते मिळून आठ होतो, म्हणून मी सगळं दुप्पट घेतलं, पाणीसुद्धा. मोठ्या पातेल्यात पाणी त्या मानाने कमी आटतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कोर्मा आटता आटेना. पाहुणे आठला आले, पानं घेतली तेव्हा सव्वादहा वाजले होते. ती मुलगी दिवाणावर झोपून गेली होती. तिच्या आईने तिला दोनदा उठवून बघितलं, ती उठली नाही. तसंच खांद्यावर टाकून तिला घेऊन गेले. एक लहान लेकरू माझ्या घरून उपाशी गेलं, ते मी अजून विसरलेले नाही. साधं मेतकूट-भात-तूप मी साडेआठला तिच्यापुढे ठेवू शकले असते. पण चुलीपाशी मी इतकी गुंतले होते की ते सुचलंसुद्धा नाही.

म्हणून भाचीला म्हटलं, बोलाव सगळ्यांना, मी दोन दिवस आधी येते. पण हात तूच लावायचास, मी ओट्याशी उभी राहणार नाही. आणि बेत तुला येतो तोच. तिला मसालेभात येतो, बटाट्याची सुकी भाजी येते, पुऱ्या येतात. मग ठरलं: मसालेभात, पुऱ्या, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा, श्रीखंड. ती म्हणाली, "एवढंच? आणि हे तर लग्नातलं जेवण झालं." मी म्हटलं, लग्नात हाच बेत वर्षानुवर्षं का टिकला त्याचा विचार कर. यातले निम्मे पदार्थ थंड आहेत. ते आधी करून ठेवता येतात आणि ठेवल्याने बिघडत नाहीत. भाजी कोमट चालते. ऐन वेळी गरम लागतात ते फक्त भात आणि पुऱ्या.

मग एका पाठकोऱ्या कागदावर आम्ही लिहून काढलं. तो कागद तिने फ्रिजवर लावला, अजून तिथेच आहे. बारा माणसांना पाऊण किलो चक्का आणि जवळपास तितकीच साखर. आदल्या दिवशी दुपारी दोन्ही कालवून ठेवायचं, तीन-चार तासांनी साखर विरघळली की पुरणयंत्रातून काढायचं, कोमट दुधात खललेलं केशर आणि जायफळ घालून रात्री फ्रिजमध्ये. दीड किलो बटाटे सकाळी उकडायचे. किलोभर कणकेच्या लहान पुऱ्या साठ-पासष्ट होतात, म्हणजे माणशी पाच. दाण्याचं कूट, खोवलेला नारळ, उभी चिरलेली तोंडली आदल्या रात्री डब्यांत. काकडी सकाळी चोचवून ठेवायची, पण कूट आणि मीठ पानं घेताना, नाहीतर तिला पाणी सुटतं. मठ्ठ्याला आलं-मिरची वाटून तयार. पाहुण्यांना साडेबाराला बोलावलंय तर भात पावणेबाराला चुलीवर, म्हणजे वाफ मुरायला वेळ मिळतो. पहिली पुरी तेलात कधी, तर सगळे पानांवर बसल्यावर.

पुऱ्यांबद्दल थोडं सांगते, कारण लोक हटकून घाबरतात ते त्यांना. पोळीसारखी सैल कणीक भिजवली की पुरी तेल पिते. कणीक घट्ट हवी, थोडा रवा आणि चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. पोळीची कणीक मुरू द्यावी लागते, पुरीची जास्त वेळ ठेवायची नाही, ती सैलावते. लाटताना पीठ लावायचं नाही, ते तेलात उतरून जळतं. पोळपाटाला तेलाचं बोट पुरतं. आणि तेल नीट तापलेलं असलं की पुरी टाकल्याबरोबर वर येते. झाऱ्याने तिच्या पाठीवर हलकं दाबलं की ती फुगते. हे सगळं भाचीला माहीत होतंच. तिने आदल्या रविवारी फक्त दोघांसाठी हाच पूर्ण बेत करून बघितला होता. हे तिला मी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच सुचलं. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

ऐन दिवशी भातानं दगा दिला. घरी ती नवा आंबेमोहोर वापरते. त्या दिवशी बारा माणसांसाठी म्हणून जुना कोलम आणला होता आणि पाणी नेहमीच्या हिशोबाने घातलं. जुन्या तांदळाला पाणी जास्त लागतं. सव्वाबाराला झाकण काढलं तर पाणी पूर्ण आटलेलं आणि दाढेखाली कणी. तिने माझ्याकडे पाहिलं, डोळे भरून आले होते. बेल वाजली ती त्याच वेळी. मी जागची उठले नाही. म्हटलं, आधणाचं पाणी किती आहे? तिने कढत पाण्याची वाटी घेतली, भातावर सगळीकडे हातानं शिंपडली, पातेल्याखाली तवा ठेवला, झाकणाला ओला पंचा गुंडाळला आणि गॅस बारीक केला. मग हात पुसून दार उघडायला गेली. दहा-बारा मिनिटांनी भात मोकळा आणि मऊ झाला होता. येणाऱ्यांना यातलं काही कळलं नाही. पंचा बाजूला करून तिने उलथन्यानं पहिला थर उचलला, वाफ वर आली, तोंडल्याची फोड तुटली नव्हती. तेव्हाचा तिचा चेहरा मी पाहिलाय. संपादक महाशय, त्या क्षणानंतर तिला कोणाचीच भीती वाटली नाही. त्यानंतर तिने दोन महिन्यांत आणखी दोनदा पाहुणे बोलावले, मला फोनही न करता.

घरात आठ ताटं होती, चार शेजारून आणली. टेबल सहा जणांचं, म्हणून सगळेच सतरंज्यांवर बसले, फक्त एका गुडघेदुखीवाल्या काकूंना खुर्ची दिली. भाचीने पानं वाढली ती रीतीने: वरती मीठ, लिंबू, डाव्या हाताला कोशिंबीर नि लोणचं, उजवीकडे भाजी. एक बंगाली मुलगी होती, तिने विचारलं की जागा ठरलेल्या असतात का. भाची म्हणाली, डावीकडचं चाखायचं, उजवीकडचं जेवायचं. त्या मुलीने तीनदा भात घेतला.

आणि एक गोष्ट मी हट्टाने करून घेतली. पहिले दोन घाणे भाचीने तळले, मग झारा जावयाकडे आणि भाची पहिल्या पंगतीत पाहुण्यांबरोबर. आम्ही बायका आयुष्यभर सगळ्यांचं झाल्यावर गार भात घेऊन बसलो. तळणाऱ्या बाईशी गप्पा मारायला पाहुणा स्वयंपाकघराच्या दारात ताटकळतो, तोही अवघडतो. जावयाच्या पहिल्या चार पुऱ्या फुगल्या नाहीत. त्या त्याच्याच पानात गेल्या, पुढच्या सगळ्या टम्म. आग्रहाचंही तसंच. भाचीने एकदाच विचारलं आणि पानात टाकलं काहीच नाही. पानात सक्तीनं वाढलेलं शेवटी कचऱ्यात जातं, आणि अन्न टाकताना पाहुण्याला जी लाज वाटते ती यजमानाने त्याच्यावर आणलेली असते, असं माझं स्पष्ट मत आहे. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला. रात्री तोच फोडणीला टाकून आम्ही तिघांनी खाल्ला.

म्हणून माझी विनंती. आपल्या पानावर दर आठवड्याला नवा पदार्थ येतो, फोटो सुंदर असतो, त्यात कधी ओरेगानो असतो तर कधी मशरूम. ते जरूर छापा, आवडीने करणारे करतीलच. पण महिन्यातून एक रविवार एका पूर्ण बेताला द्या. बारा माणसांचा बेत, वाटी-किलोतलं माप, आदल्या दिवशी काय, सकाळी काय, ऐन वेळी काय. "चवीनुसार" आणि "शिजेपर्यंत" हे दोन शब्द जरा कमी करा. पदार्थ दुप्पट केला तर पाणी आणि तिखट दुप्पट घालायचं नाही, हे एका ओळीत लिहा. आणि तो पदार्थ बिघडलाच तर काय करायचं तेही. भाताखाली तवा ठेवायची युक्ती मला माझ्या सासूबाईंनी दाखवली. ज्यांच्या घरात सासू नाही, आई लांब आहे, त्यांना ती कोण दाखवणार? कोल्हापूरकडचे, विदर्भातले, कोकणातले, खानदेशातले वाचक आपापले बेत पाठवतील. तांबडा-पांढरा करणाऱ्या घरात बारा माणसांना मटण किती घेतात, हे मलाही वाचायला आवडेल.

सुरुवात चैत्रापासून करता येईल. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत असते, म्हणजे हळदीकुंकवाला महिना मिळतो. तीस बायकांचं माप माझ्याकडे पहिल्या वहीत आहे: किलोभर हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून जाडसर वाटायची, त्याला अर्धा किलो कैरीचा कीस, पण कैरी किती आंबट आहे ते चाखून. पन्ह्याला उकडलेल्या कैरीच्या गराच्या दीडपट ते दुप्पट गूळ. फोडणी गार झाल्यावरच डाळीवर घालायची. पान डाळीच्या डागांनी पिवळं झालंय, पण अक्षर वाचता येतं. झेरॉक्स काढून या पत्रासोबत जोडली आहे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त कर्मचारी, सातारा