हृदय प्रत्यारोपणाआधीच्या तपासण्या रुग्णाला समजावून सांगा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

वाहतूक थांबवून दात्याचे हृदय किती मिनिटांत पोहोचवले, याच्या बातम्या आपण ठळकपणे छापता. छापायलाच हव्यात, कारण काढलेले हृदय साधारण 4 तासांच्या आत नव्या छातीत धडधडायला लागावे लागते. पण त्या रात्रीच्या कितीतरी आधी रुग्णाच्या ज्या तपासण्या होतात, त्यांच्याबद्दल फारसे कुठे वाचायला मिळत नाही. माझा धाकटा भाऊ आज प्रतीक्षायादीत आहे. तिथवर पोहोचताना आमच्या घरात जो गोंधळ उडाला, तो दुसऱ्या कुणाच्या घरी उडू नये म्हणून हे पत्र.

सुरुवातीलाच त्याला दातांच्या डॉक्टरांकडे पाठवले. भाऊ चिडला, "दुखणं छातीत आणि बघतायत दाढा!" कारण कुणी सांगितलेच नव्हते. नवे हृदय शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी जन्मभर दाबून ठेवावी लागते, मग किडक्या दाढेतला जंतूही जिवावर उठू शकतो. 1967 साली केपटाऊनमध्ये डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसाचे हृदय माणसाला बसवण्याचे पहिले प्रत्यारोपण केले. तो रुग्ण 18 दिवस जगला आणि गेला तो न्यूमोनियाने. क्षयरोग, कावीळ, कर्करोग यांचा आधीच शोध घेतात तोही याच औषधांपायी.

सायकलच्या चाचणीत भाऊ जीव खाऊन पेडल मारत होता. जास्त गुण मिळाले तर हृदय लवकर मिळेल, अशी त्याची समजूत. जोर पूर्ण लावायचाच असतो, नाहीतर मोजमाप चुकते. पण आकडा कमी आला तर प्रत्यारोपणाची गरज जास्त. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारे औषध) चालू असताना शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला 12 मिलिलिटर किंवा त्याहून कमी ऑक्सिजन वापरत असेल, तर प्रत्यारोपणाचा विचार होतो. बराच वर असेल तर औषधांवर अजून निभावते.

सर्वांत निर्णायक तपासणी मानेच्या शिरेतून नळी घालून करतात. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत अडथळा फार असेल, तर दात्याचे निरोगी हृदयही तिथे हरते, कारण त्याच्या उजव्या कप्प्याला एवढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलण्याची सवय नसते. भावाचा या अडथळ्याचा आकडा वर होता. रक्तवाहिन्या सैल करणारे औषध देऊन पुन्हा मोजला, तेव्हा उतरला. उतरला म्हणून पुढचा रस्ता खुला झाला. हे मला एका निवासी डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीमागे पेनने हृदयाचे कप्पे काढून समजावले. त्याला पाच मिनिटेही लागली नाहीत.

समाजसेविकाबाईंनी मला विचारले, "ताई, रात्री दोनला ताप चढला तर याला घेऊन कोण निघणार?" काकांना ही घरची चौकशी वाटली, ते संतापले. मला तो प्रश्न फार मोलाचा वाटतो. गोळ्यांच्या वेळा सारख्या चुकल्या तर मिळालेले हृदय हातचे जाते, आणि त्या वेळा एकट्या आजारी माणसाने सांभाळणे कठीण असते.

पुढे भावाच्या लघवीत तंबाखूचा अंश सापडला. रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समितीने निर्णय पुढे ढकलला. आमच्यापर्यंत निरोप आला तो फक्त "सध्या नाही" एवढाच. नातेवाइकांत "रिजेक्ट झाला" असे पसरले आणि त्याने चालू असलेल्या गोळ्याही बंद केल्या. अशा हृदयाला हे किती धोक्याचे! तंबाखू काही महिने पूर्ण सुटली, तपासणीत तसे दिसले, की पुन्हा विचार होईल, हे कळल्यावर तो सावरला. तंबाखू सुटली आणि नाव यादीत लागले.

रुग्णालयांना माझी विनंती आहे. पहिल्याच भेटीत रुग्णाच्या भाषेत एक कागद हातात द्या, त्यावर प्रत्येक तपासणी आणि तिचे कारण असू द्या. समितीने नाही म्हटले, तर का आणि काय बदलल्यास पुन्हा विचार होईल, हे लेखी द्या. आणि आपल्या दैनिकाने प्रत्यारोपण समन्वयक व हृदयविकारतज्ज्ञांकडून या तपासण्यांवर सविस्तर लेख लिहून घ्यावा.

आपली,
प्रतीक्षायादीतल्या एका रुग्णाची बहीण