पैशांचा वाद राहू दे, पिशवी नीट भरा

नेरुळ

ती. आई-बाबा,
सा. न.

आई म्हणणार, मागणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवू नये. बाबा म्हणणार, धडधाकट माणसाला सवय लावू नये. रस्त्यावर राहणाऱ्यांना द्यायची पिशवी घेऊन ठाण्याच्या तलावपाळीला फेरी माराल तेव्हा हा वाद होणारच, पण तो पैशांपुरता ठेवा. द्यावंसं वाटलं तर दहाची नोट द्या आणि पुढे चला. मागणारा तिचा चहा पितो की तंबाखू मळतो, एवढी चौकशी दहा रुपयांत बसत नाही. नाणं नको, दहाचं नाणं काही टपरीवाले अजून परत करतात. नोट वरच्या खिशात सुटी ठेवा. कौपिनेश्वराच्या दारातल्या गर्दीत पाकीट काढायचं नाही. द्यायचं नसेल तर "आज नाही हो" एवढं तोंडाने म्हणा.

बाबा, "काम का करत नाही" याचं उत्तर बरंचसं गाठोड्यात आहे. मजूर नाक्यावर सकाळी लवकर उभं राहायचं तर रात्रीची झोप हवी, आंघोळ हवी आणि दिवसभर सामान ठेवायला जागा हवी. गाठोडं पदपथावर सोडलं की चोरीला जातं, नाहीतर अतिक्रमणवाल्यांच्या गाडीत जातं, आणि आधार कार्ड असतं त्यातच. ज्याने ते कधी काढलंच नाही, त्याला नवं काढायला पत्त्याचा पुरावा लागतो. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचा दाखला त्यासाठी चालतो, पण हे त्यांना सांगणारं कुणी नसतं. म्हणून गळ्यात अडकवायची, झिप असलेली प्लास्टिकची पाऊच द्या. चादरीपेक्षा जास्त दिवस कामी येते.

चादरीचंही तसंच. सोलापुरी चादर पावसाळ्यात एकदा भिजली की आठवडाभर वाळत नाही, मग तिला बुरशी धरते आणि अंगाला खाज सुटते. जून ते सप्टेंबर सहा बाय नऊ फुटांची ताडपत्री आणि पातळ सुती चादर द्या. आई, तुझ्या जुन्या साड्या चालतील, पण पुरुषांना बाबांच्या पँटी नकोत: कमरेला बसत नाहीत, चेन तुटलेली असते. नाडीचा लेंगा आणि नवी अंतर्वस्त्रं द्या, ती कुणीच देत नाही. बायकांसाठी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे, चारचौघांत हातात ठेवायचे नाहीत.

खाण्याबाबत आईला आधीच सांगते, रागावू नकोस. शनिवारी मारुतीपुढे आणि पितृपक्षात एवढं अन्न येतं की केळी काळी पडून फेकली जातात, आणि मंगळवारी दुपारी कुणी फिरकत नाही. तेव्हा वार बदल. मूगडाळीची मऊ खिचडी, तेल-तिखट कमी, माणशी दोन वाट्या. गरम असताना डब्याचं झाकण घट्ट लावलंस तर वाफ कोंडते आणि खिचडी आंबते. आधी ती पसरट ताटात निववून मग भर. शिजवल्यापासून दोन तासांत पोटात जायला हवी. लोक रात्रीसाठी राखून ठेवतात आणि जुलाब तिथेच होतात, म्हणून "आत्ताच खा" असं सांगायचं आणि रात्रीसाठी वेगळा राजगिऱ्याचा लाडू द्यायचा. दात नाहीत त्याला चणे-शेंगदाणे देऊन उपयोग नाही. दही, नारळाची चटणी उन्हाळ्यात नकोच. लाडू देण्याआधी "साखरेचा त्रास आहे का?" हेही विचार, साखर काय फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनाच होते?

झोपलेल्याला हलवू नका. पायांच्या बाजूला, दोन हात लांब उभं राहून हाक मारा. रात्री लाथ खाऊन उठायची सवय असलेला माणूस हात लागताच दचकून हात उगारतो. उठला नाही तर पिशवी डोक्याशी ठेवून निघा, फक्त त्याचा श्वास चालू आहे ना ते बघा.

पायाच्या जखमेवर माश्या बसत असतील तर हळद, डेटॉल, रॉकेल काहीही ओतायचं नाही. वरून स्वच्छ पाणी, सैल गॉज, आणि १०८. रुग्णवाहिका फुकट असते, पण त्यांना खूण नेमकी लागते, "स्टेशनजवळ" सांगून भागत नाही. स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाचा कुठला जिना, समोर कुठलं दुकान, ते सांगा आणि गाडी येईपर्यंत थांबा, नाहीतर माणूस सापडला नाही म्हणून ती परत जाते.

स्वतःशी बोलत, कपड्यांचं भान नसलेला कुणी दिसला तर ११२. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार अशा माणसाला ताब्यात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणं पोलिसांचं काम आहे. कोठडीत ठेवता येत नाही. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे, लांब जायचं कारण नाही. बाबा, साध्या भिकाऱ्यासाठी मात्र पोलिसांना बोलावू नका. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात पहिल्यांदा दोषी ठरला तरी एक ते तीन वर्षं डांबण्याची तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती ती कलमं घटनाबाह्य ठरवली, आणि ते योग्यच झालं.

मुलांच्या हातात पैसे नकोत, अगदी एक रुपयाही नको. मुलाने कमवलं की त्याला सिग्नलवरून उठवणं त्या घराला परवडत नाही. दुधाच्या पावडरीचा डबा मागितला तर घ्या, पण सील तिथेच फोडा. न फोडलेला डबा परत दुकानात जातो. तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा आहे, वह्या-पेन्सिली तिथे विचारून द्या. मूल संकटात दिसलं तर १०९८.

हे नंबर बाबांनी मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावावेत, आणि खाली १४५६७ पण. तो ज्येष्ठांसाठीचा आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. रस्त्यावरच्या एकट्या म्हाताऱ्या माणसासाठी तुम्हीही तिथे फोन करू शकता.

तुमची,
मीनल