उजेड कोणासाठी मोजायचा

काकाजी,
सप्रेम नमस्कार.

हे सगळं घरी येऊन सांगता आलं असतं. पण मी आभाराचा शब्द काढला की तुम्ही काकूंना चहा ठेवायला सांगता आणि विषय तिथेच मिटवता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. नाव लिहू नको म्हणालात, ते पाळते. तालुक्याच्या बसस्टँडसमोर ज्यांनी दहावीच्या फॉर्मचे, लग्नाचे, बाळाच्या बारशाचे फोटो तुमच्याकडून काढून घेतले, ते नावाशिवायही ओळखतील.

माझे कापूस वेचणाऱ्या बायांचे फोटो पाहून लोक विचारतात, कॅमेरा कोणता, लेन्स कोणती. जाणकार असले तर विचारतात, तुमची दृष्टी कशी घडली. मी सांगते, उजेड कोणासाठी मोजायचा ते मला आमच्या काकाजींनी शिकवलं. समोरच्याला हे उत्तर अर्धवट वाटतं, ते चेहऱ्यावरून कळतं. पूर्ण उत्तर आज लिहिते.

कॅमेऱ्यातल्या मीटरला समोर माणूस आहे की भिंत, हे मुळात कळत नाही. ते परत येणारा उजेड मोजतं आणि समोरचं दृश्य मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं, पडलेल्या उजेडापैकी साधारण 18 टक्के परत फेकणारा करडा. दिवाळीनंतर फुटलेल्या पऱ्हाटीच्या शेतात हे गृहीतक कोलमडतं. सगळीकडे पांढरं पाहून मीटर उजेड कापतं. मग कापूस मळकट दिसतो आणि वेचणारीचा चेहरा काळा ठिक्कर पडतो. डोळे नाहीत, ओठ नाहीत, नुसता लुगड्याचा रंग. असे फोटो कॅलेंडरवर, बियाण्याच्या जाहिरातीत, माहितीपत्रकांत मी लहानपणापासून पाहत आले. शेत ओळखू यायचं, बाई ओळखू यायची नाही. माझी आई, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्या त्या शेतात असूनही कुठल्याच फोटोत नव्हत्या.

तुम्ही मला पहिल्यांदा शेतात पाठवलंत तेव्हा हातात कॅमेरा देण्याआधी विचारलंत, "काहून वं, फोटो कापसाचा काढाचा हाये का बाईचा?" मी म्हटलं, बाईचा. "मंग उजेड बाईचा मोज. कापूस पांढरा फटक झाला तं होऊ दे. कापूस सगळ्यांले माईत हाये."

काकाजी, फोटोग्राफीवर मी त्यानंतर बरंच वाचलं, मोठमोठ्या माणसांची मनोगतं ऐकली. इतकं नेमकं कोणी बोललेलं मला आठवत नाही. भर उन्हात एका फ्रेममध्ये पांढरा कापूस आणि पदराखालचा सावळा चेहरा, दोन्ही पूर्ण मावत नाहीत. फिल्मची तेवढी ताकद नव्हती, आजच्या सेन्सरचीही ओढाताण होते. एकाला सोडावं लागतं. कोणाला सोडायचं ते फोटो काढणाऱ्याने ठरवायचं असतं. त्याने ठरवलं नाही तर मीटर ठरवतं, आणि मीटर आमच्या बायांच्या बाजूने कधीच ठरवत नाही.

फिल्मच्या खोक्यावर आतून तक्ता छापलेला असायचा. कडक ऊन असेल तर लेन्सचं छिद्र एफ 16, आणि फिल्म 100 ची असेल तर शटरचा वेग सेकंदाचा सव्वाशेवा भाग. तो तक्ता उन्हात उघड्या असलेल्या वस्तूसाठी अगदी बरोबर आहे. पण आमची बाई उघड्या चेहऱ्याने उन्हात उभी राहतच नाही. पदर कपाळावर ओढलेला, वर पंचा किंवा दुपट्टा, मान खाली. तिच्या चेहऱ्याचं माप तक्त्यात नव्हतं, म्हणून तुम्ही तळहात वापरायला शिकवलंत. ज्या उजेडात चेहरा आहे त्याच उजेडात तळहात धरायचा, त्याचं माप घ्यायचं आणि एक स्टॉप उघडायचा, म्हणजे उजेड दुप्पट आत घ्यायचा. माणूस गोरा असो की काळा, तळहात जवळपास सारखाच असतो, मधल्या करड्यापेक्षा साधारण एक घर उजळ. मी माझा तळहात धरायचे. तुम्ही म्हणालात, तिचा धर, म्हणजे तिलाही कळेल काय चाललंय ते.

तो दिवस मला लख्ख आठवतो. त्या बाईने हात पुढे केला आणि मी पहिल्यांदा वेचणीचा हात इतक्या जवळून पाहिला. बोंड फुटलं की त्याच्या पाकळ्या वाळून टोकदार होतात आणि कापूस ओढताना प्रत्येक वेळी नखांच्या कडेला टोचतात. तिच्या बोटांची टोकं बारीक चिरांनी भरली होती, काही ताज्या, काही काळ्या पडलेल्या. तळव्याच्या मधोमध मात्र उजेड स्वच्छ पडला होता. मी माप घेतलं. तिने विचारलं, "हातावरून काय पाह्यतं वं, भविष्य?" मी सांगितलं, तुमच्या तोंडावर किती ऊन आहे ते पाहते. ती हसली आणि तिने पदर स्वतःहून दोन बोटं मागे घेतला. मी सांगितलं नव्हतं. त्या फोटोत कापूस खरंच पांढरा फटक आहे, एका बोंडाचीही रेघ दिसत नाही. तिच्या डाव्या भुवईवरचा जुना व्रण दिसतो, दातांतली फट दिसते. तो फोटो आजही माझ्या सगळ्या कामात मला वरचा वाटतो.

पुढे अमेरिकन फोटोग्राफर अँसेल अॅडम्सची झोन पद्धत वाचली. 1940 च्या सुमारास त्यांनी आणि फ्रेड आर्चर यांनी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा पायऱ्या आखल्या, मधला करडा पाचवा. गोऱ्या कातडीची जागा सहाव्या पायरीवर दिलेली आहे. तेव्हा तुमच्या डार्करूमच्या दारामागे खडूने लिहिलेला "5" मला उलगडला. तुम्ही पुस्तक वाचलं होतं की अनुभवाने तिथे पोचलात, हे मी कधी विचारलं नाही. पण गावच्या कातडीसाठी एक पायरी खाली उतरायचं आणि तिथेच थांबायचं, त्याहून खालीही नाही आणि वरही नाही, हे तुम्ही ठरवून ठेवलं होतं.

वर न जाण्याचं महत्त्व मला दुकानात बसल्यावर कळलं. दर दुसरं गिऱ्हाईक म्हणायचं, "जरा गोरा करून द्या." मुलीचा फोटो स्थळाला पाठवायचा असला की आईबाप हात जोडायचे. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की प्रिंटमध्ये तेवढी जागा उजळ होते. तुमच्याकडे ती पेन्सिल होती आणि तुमचा हात इतका हलका होता की देवीचे व्रण पुसले तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. डोळ्यांखालच्या सावल्यांसाठी ती पेन्सिल तुम्ही वापरलीत. एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरून प्रिंट काढण्याच्या यंत्राखाली, तारेला चिकटवलेला पुठ्ठ्याचा तुकडा हलवत डोळ्यांच्या खोबणीत उजेड राखलात. रंग मात्र बदलला नाहीत. "डोये दिसले पाह्यजे. रंग तिचा हाये, आपला नाही." गिऱ्हाईक शेजारच्या स्टुडिओत गेलं तरी तुमचं म्हणणं तेच राहिलं. त्या वयात, सावळी म्हणून दोन ठिकाणी नाकारलेली मुलगी होते मी, आणि माझ्यासमोर एक माणूस पैसे बुडवून हे बोलत होता. याचे आभार कसे मानायचे ते मला अजून समजलेलं नाही.

रंगीत रोल नागपूरच्या लॅबला जायचे तेव्हा प्रिंट परत यायच्या त्या एक तर राखेसारख्या, नाही तर लालसर. तुम्ही त्या तशाच परत पाठवायचात, वर चिठ्ठी लावून, "चेहरा पाहून प्रिंट करा." तेव्हा मला हा तुमचा हट्ट वाटायचा. कारण फार नंतर वाचनात आलं. रंगीत प्रिंटचा तोल जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी लॅबना एक नमुन्याचं कार्ड देत असे, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असायचा. पहिली बाई कंपनीतच काम करणारी शर्ली नावाची होती, म्हणून त्याला शर्ली कार्डच म्हणायचे. तिची कातडी छान आली की यंत्र बरोबर. पुढे सत्तरच्या दशकात फिल्ममध्ये गडद तपकिरी छटा नीट उतराव्यात म्हणून काम झालं, त्याला मोठं निमित्त ठरल्या चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारी. काळ्यासावळ्या माणसांनी तोवर किती वर्षं आपले बिघडलेले फोटो मुकाट्याने घरी नेले असतील, याचा विचार करून मला आजही संताप येतो. तुम्ही त्या कार्डाचं नावही ऐकलेलं नव्हतं आणि आपल्या बसस्टँडवरून त्याच्याशी भांडत होतात.

आज फोनमध्येच चेहरा उजळ करणारी सोय असते, काही फोन तर न विचारता करतात. लग्नात नवरीकडचे म्हणतात, ताई, फिल्टर टाका. मी आधी त्यांना न उजळवलेला फोटो नीट उजेडात काढून दाखवते. पुष्कळदा तोच पसंत पडतो. लोकांना गोरं व्हायचं असतं त्याहून जास्त त्यांना नीट दिसायचं असतं, असं माझं मत आहे, आणि नीट दिसण्याची सोय त्यांना आजवर कोणी करूनच दिली नव्हती.

दुसरी गोष्ट, एकट्या फोटोची. तेरवीच्या आधी माणसं दुकानात यायची आणि पिशवीतून लग्नाचा ग्रुप फोटो काढायची. शेवटच्या रांगेत, दोन डोक्यांच्या मधे, अर्धा चेहरा. "माय आहे, हिचा एकटीचा करून द्या, हार घालाचा आहे." दुसरा फोटोच नसायचा. त्या कामाचे पैसे तुम्ही कधी घेतले नाहीत. रात्री दुकान लावून घेऊन, भिंग डोळ्याला लावून त्या अर्ध्या चेहऱ्याचा पूर्ण चेहरा करताना तुम्हाला मी पाहिलं आहे. मग तुम्ही नियम केलात, लग्नाच्या ऑर्डरला गेलं की मांडवातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा एक फोटो, कोणी मागो न मागो. रोलमधली ती फ्रेम आपल्या खिशातली. मी आजही तसंच करते. आता फ्रेमला पैसे पडत नाहीत, पण वेळ पडतो, वरातीची घाई असते, ड्रोनवाला ओरडत असतो. तरी मी आबाजींना खुर्ची देऊन दाराशी बसवते. दाराशी यासाठी की तिथे उजेड एका बाजूने येतो. घरात कापूस साठवलेला असला तर आणखी चांगलं. दारातून आलेलं ऊन त्या गंजीवर आदळून मऊ होतं आणि चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला परत येतं. हजारोंचा रिफ्लेक्टर असा उजेड देत नाही. हेही तुमचंच.

आणि सेवाग्राम. वर्ध्याला कामाला निघाले तेव्हा तुम्ही म्हणालात, बापूकुटीत जाऊन ये, पण फोटो काढू नको, नुसती बस. मी मातीच्या भिंतींच्या त्या ठेंगण्या खोलीत बसले आणि मग तुम्ही सांगितलेली कनू गांधींची गोष्ट समजली. आश्रमात वाढलेला हा तरुण, बापूंच्या पुतण्याचा मुलगा, घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या 100 रुपयांतून रोलिफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म घेतो. बापू तीन अटी घालतात: फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही, आश्रम खर्च देणार नाही. त्या अंधुक खोलीत, त्या काळच्या मंद फिल्मवर, बारा फोटोंच्या रोलमध्ये त्याने अखेरच्या दशकातले बापू टिपले.

लोक या अटींना अडचण म्हणतील. तुम्ही म्हणालात, या अटींनीच त्याला फोटोग्राफर केलं. फ्लॅश नाही म्हणून उजेडाची वाट पाहावी लागली. पोझ नाही म्हणून माणसाची सवय व्हावी लागली, माणसाला त्याचीही. रोलिफ्लेक्समध्ये वरून पाहावं लागतं, म्हणजे फोटो काढणारा मान खाली घालून उभा असतो आणि समोरच्याला त्याचा चेहरा दिसत राहतो. मला तो कॅमेरा परवडला नाही, पण आजही मी शेतात मागचा स्क्रीन उघडून कॅमेरा पोटाशी धरते. बायांशी बोलता येतं, त्यांना माझं तोंड दिसतं. तिसरी अट मला सगळ्यात कठीण गेली. ऑर्डरचं काम वेगळं आणि आपलं काम वेगळं, आपल्या कामाला कोणाचा पैसा लागू देऊ नये, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा घरात पैशाची चणचण होती. तरी वेचणीचे फोटो मी कोणाच्या जाहिरातीला दिलेले नाहीत. ज्यांचे आहेत त्यांच्या घरी प्रिंट पोचवते, तेवढाच त्यांचा व्यवहार.

माझ्या बाबांशी तुम्ही काय बोललात, ते मला आजतागायत ठाऊक नाही. पोरगी स्टुडिओत एकटी बसणार, अंधाऱ्या खोलीत काम करणार, यावर गावात चर्चा झाली होती. दुसऱ्या दिवशीपासून काकू दुकानात स्वेटर विणत बसायला लागल्या आणि चर्चा थांबली. काकू, तुम्हालाही हे पत्र आहे.

आता एक मागणं. माळ्यावरचे निगेटिव्हचे खोके कोणाला देऊ नका. फिल्ममधली चांदी काढणारे किलोवर घेऊन जातात, हे मला कळलंय, आणि तुमच्याकडे एक जण येऊनही गेला म्हणे. दोन-तीन खोक्यांना व्हिनेगरसारखा वास येतो, म्हणजे फिल्म सडायला लागली आहे, ते आधी घ्यावे लागतील. मी स्कॅनर आणते. दसऱ्यानंतर, सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, होऊन वेचणी सुरू झाली की बायांना सांजच्याला बसवून दाखवू. कोण कोणाची माय, कोणाचा आजा, हे तुम्हाला आणि त्यांनाच माहीत आहे. मी लिहून घेते. तुमच्या मोतीबिंदूच्या डोळ्याला स्क्रीनचा त्रास होत असेल तर प्रिंट काढून आणीन, मोठ्या.

चहा मात्र या खेपेला मी ठेवणार.

तुमची,
दुकानातली पोरगी